तार तुटली कुठं? खांबावरच्या टेलिफोनचा दोष शोधण्याची गोष्ट

हा भाग रेडिओवर लागला तेव्हा बऱ्याच गटांनी निरोप धाडला, की ऐकताना मध्येच दळण टाकायला जावं लागलं, तेव्हा सगळं लिहून द्या. म्हणून इथे जरा सविस्तर देत आहोत.

"लाइन खराब आहे." मोबाइल येण्याआधी हे वाक्य आपल्या गावात आठवड्यातून एकदा तरी कानावर यायचं. पण खराब म्हणजे काय, कुठं खराब, कशानं खराब, हे कुणी सांगायचं नाही आणि आपणही विचारायचो नाही. जणू लाइन म्हणजे पाऊस, कधी पडेल ते देवाला ठाऊक. खरं तर तारेत दोष कुठं आहे हे बसल्या जागी ओळखायची विद्या दीडशे वर्षांहून जुनी आहे. ती कशी घडत गेली, ते या वेळी आमच्या गटानं शोधलं. थोडं वाचनालयातून मिळालं. बरंचसं आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासऱ्यांनी सांगितलं. ते लाइनमन म्हणून निवृत्त झाले, त्यांना आम्ही सगळ्या आण्णा म्हणतो.

सुरुवात टेलिफोनच्या आधीची, तारायंत्राची. आपल्या देशात तार आणली ती एका डॉक्टरनं. विल्यम ओ'शॉनेसी त्यांचं नाव, मूळचे आयर्लंडचे. पटकीच्या रोग्याच्या अंगातलं पाणी आणि क्षार निघून जातात, ते परत भरले पाहिजेत, हे त्यांनी १८३१-३२ च्या सुमारास मांडलं. आज दवाखान्यात आपण ज्याला सलाईन म्हणतो, त्याच्या मुळाशी जी माणसं आहेत त्यांत हे एक. पुढे ते कलकत्त्याला आले आणि १८३९ साली तिथे मैलोगणती तार टांगून त्यांनी विजेचा संदेश पाठवून पाहिला. सरकारला ते पटायला आणखी दहा-अकरा वर्षं लागली. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही सुमारे तीस मैलांची लाइन सुरू झाली. शिबचंद्र नंदी हे त्यांचे बंगाली मदतनीस त्या कामात होते आणि पुढे लाइनीची देखरेख त्यांच्याकडेच आली. शाळेच्या पुस्तकात डलहौसीचं नाव आपण पाठ केलं. नंदींचं नाव आम्हाला या वेळी पहिल्यांदा कळलं. यंत्र आणणाऱ्याचं नाव राहतं आणि ते चालतं ठेवणाऱ्याचं जातं, हे काही आपल्याला नवीन नाही.

१८५४ पर्यंत कलकत्ता, आग्रा आणि मुंबई तारेनं जोडली गेली आणि १८५५ मध्ये ही सोय सामान्य लोकांसाठी खुली झाली. मग खरी कटकट सुरू झाली. शेकडो मैल तार उघड्यावर टांगलेली. तिच्यावर कावळे, घारी बसणार, वानरं लोंबकळणार, वाऱ्यात झाडाची फांदी घासणार, पावसात खांब कलणार. ओ'शॉनेसींनी सुरुवातीला बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळीच वापरली ती याच कारणानं. विलायतेत चालतं ते इथे चालेलच असं नाही, हे त्या माणसानं लवकर ओळखलं, एवढं श्रेय त्यांना दिलं पाहिजे.

आता तारेला खांबावर धरून कशानं ठेवतात? चिनी मातीच्या पांढऱ्या कपानं. लोणच्याची बरणी असते ना, तीच माती, तसंच चकचकीत. तिच्यातून वीज जात नाही, म्हणून तार खांबाला न भिडता त्या कपाच्या गळ्याशी बांधतात. पण पावसात कप वरून ओला झाला की त्या ओलीवरून थोडी वीज खांबात आणि खांबातून जमिनीत उतरते. म्हणून कपाच्या आत आणखी एक कप असतो. इंग्रजीत त्याला चक्क परकर म्हणतात, दुहेरी परकराचा इन्सुलेटर. वरचा परकर भिजला तरी आतला कोरडा राहतो. नाव ऐकून आम्ही सगळ्या हसलो, पण अक्कल एकदम आपल्या ओळखीची आहे.

तरीही एकेका कपातून चिमूटभर गळती होतेच. आपण दर आठवड्याला थोडे थोडे पैसे टाकतो आणि वर्षाला मोठी रक्कम होते, तसंच हे उलट्या बाजूनं. एका खांबावर काहीच नाही, पण शंभर खांबांवरची ओल मिळून बोलणं पार क्षीण होऊन जातं. पावसाळ्यात गावचा फोन खोल विहिरीतून आल्यासारखा का यायचा, त्याचं हे एक कारण.

तारायंत्राला तार एकच लागायची. वीज परत यायला दुसरी वाट हवी, ती जमीनच. १८३८ साली जर्मनीत श्टाइनहाइल यांनी हे दाखवून दिलं आणि तारेचा निम्मा खर्च वाचला. १८७६ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनचं पेटंट घेतलं. १८८२ मध्ये आपल्याकडे कलकत्ता, मद्रास आणि मुंबईत एक्स्चेंज निघाले. सुरुवातीच्या टेलिफोननं तारायंत्राचीच पद्धत उचलली, एक तार आणि जमीन. पण तारायंत्राची कटकट-कडकट खरखरीतही कळते, माणसाचा आवाज मात्र नाजूक. जमिनीतून जाणारी सगळी भटकी वीज कानात गुणगुणायला लागली आणि शहरात विजेच्या ट्रामा आल्यावर तर ऐकणं मुश्कील झालं. अमेरिकेत १८८० च्या दशकात उपाय निघाला: जमीन सोडा, दोन तारा घ्या, एकीनं जा आणि दुसरीनं परत या. पुढे आपल्या गावात खांबावरून जोडीनं आलेल्या तारा दिसायच्या त्या म्हणूनच.

त्यातही एक गंमत आहे. शेजारून विजेची लाइन जात असेल तर तिची घरघर जवळच्या तारेत जास्त शिरते, लांबच्या तारेत कमी. मग ठरावीक खांबांनंतर दोन्ही तारांच्या जागा बदलायच्या, उजवी डावीकडे, डावी उजवीकडे. वेणी घालताना पेड कसे बाजू बदलतात, तसं. दोघींना सारखाच त्रास झाला की दोन्हींतली घरघर एकमेकींना काटते. हे पाहून आमची एक मैत्रीण म्हणाली, "दोन जावांनी आळीपाळीनं चूल सांभाळावी, तसंच की!"

आता मुख्य मुद्दा, दोष ओळखायचा कसा. आण्णा म्हणाले, "पोरींनो, खांबावर चढणं शेवटी. आधी ऐकायचं."

एक्स्चेंजमधून दोन तारांवर साधारण ४८ व्होल्टची बॅटरी कायम जोडलेली असते. रिसीव्हर खाली ठेवलेला असला की वाट बंद, वीज वाहत नाही. उचलला की वाट जुळते, वीज फिरते, एक्स्चेंजला कळतं की हा माणूस जागा झाला, आणि ते "टुं" असा डायल टोन देतं. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं उलगडतं.

एक तार तुटली, तर उचलला तरी वाट जुळत नाही. फोन मेलेला, कानात नुसती शांतता. दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर एक्स्चेंजला वाटतं रिसीव्हर उचलूनच ठेवलाय. बाहेरून फोन करणाऱ्याला दिवसभर एंगेज लागतो आणि घरात फोन गप्प. एक तार ओल्या फांदीला किंवा खांबाला टेकली, तर "अर्थ लागली" म्हणतात. मग कानात घुंई घुंई सुरू होते आणि बोलणं बारीक येतं. आपली तार दुसऱ्याच्या तारेला टेकली, तर शेजारच्या गावातल्या सोयरिकीची बोलणी आपल्याला फुकट ऐकायला मिळतात. आणि जोड सैल झाला किंवा गंजला, तर खरखर. वारा सुटला की जास्त, वारा पडला की कमी.

यातली पहिली गोष्ट जरा थांबून सांगायला हवी, कारण तिच्यापायी माणसं दुखावली आहेत. तार तुटलेली असते तेव्हा आपल्या घरात घंटी वाजतच नाही. पण पलीकडून जो फोन करतो, त्याच्या कानात मात्र ट्रिंग-ट्रिंग नीट वाजत राहतं. कारण त्याला ऐकू येणारी ती घंटी आपल्या घरातली नसतेच, ती एक्स्चेंजमध्ये तयार होते. आमच्या गटातल्या एका काकूंची लेक नव्वदच्या दशकात शहरात दिलेली. दिवस भरत आले होते. गावात फोन एकच, दुकानात. तिनं तीन दिवस सकाळ-संध्याकाळ फोन लावला. घंटी वाजते, कुणी उचलत नाही. तिला वाटलं दुकानदार मुद्दाम उचलत नाही, आईला निरोप जात नाही, माहेरला आपली पर्वाच नाही. इकडे काकू रोज दुकानात चौकशी करून यायच्या, फोन आला का म्हणून. दुकानदार खरंच सांगायचा, नाही आला. तार ओढ्यापलीकडं तुटून बाभळीत अडकली होती. बाळंतपण सासरीच झालं, आई शेजारी नव्हती. लेक आता चाळिशीच्या पुढं गेली, तरी ती गोष्ट निघाली की मायलेकींचा आवाज अजून बदलतो. घंटी कुठं वाजते हे आण्णांनी समजावून सांगितलं, त्या दिवशी काकूंनी लेकीला मोबाइल लावून दिला आणि आण्णांना म्हणाल्या, "हे तुम्हीच तिला सांगा." आण्णांनी सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

असो. तार तुटली हे कळलं, पण कुठं? दहा किलोमीटरच्या लाइनीत प्रत्येक खांबावर चढायचं का? इथे दोन वाटा आहेत, एक आकड्यांची आणि एक पायांची.

आकड्यांची वाट आधी. इंग्लंडमध्ये सॅम्युअल ख्रिस्टी यांनी १८३३ मध्ये एक जुळणी सुचवली आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ती लोकांसमोर आणली, म्हणून तिला व्हीटस्टन ब्रिज म्हणतात. तो विजेचा तराजू आहे. एका पारड्यात माहीत असलेला अडथळा, दुसऱ्यात माहीत नसलेला. मधली सुई शून्यावर आली की दोन्ही समान. तारेचा अडथळा तिच्या लांबीबरोबर वाढतो, म्हणून अडथळा मोजला की लांबी कळते. याच तराजूवरून मरे आणि व्हार्ली यांच्या नावांच्या चाचण्या निघाल्या. समजा एक्स्चेंजपासून गाव दहा किलोमीटर. दोन तारांपैकी एकीला वाटेत अर्थ लागली आहे. गावाच्या टोकाला दोन्ही तारा एकत्र जोडायच्या. झाला वीस किलोमीटरचा फेरा. तराजू लावला आणि तो एकास चार या प्रमाणात तोलला गेला, तर फेऱ्याचे पाच भाग समजायचे, त्यातला एक भाग इकडे, चार तिकडे. विसाचा पाचवा भाग चार. म्हणजे खराब तारेवर एक्स्चेंजपासून चार किलोमीटरवर दोष. खुर्चीतून न उठता! समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांचे दोषही असल्याच हिशेबानं शोधत, तिथे तर खांबावर चढायचा प्रश्नच नव्हता.

पण ही चाचणी तार टेकली असेल तेव्हाची. तार साफ तुटली असेल तर वेगळी युक्ती. एक्स्चेंजच्या टेस्ट डेस्कवर सुईचं मीटर असतं. तारेला बॅटरी लावली की तारेत क्षणभर वीज भरते आणि सुई एकदम उडी मारून खाली बसते. टेलिफोनमध्ये घंटीबरोबर कंडेन्सर असतो, तो विजेचा छोटा माठच. सुई मोठी उडी मारते तेव्हा माठापर्यंत वाट शाबूत आहे, दोष असला तर टेलिफोनच्या आत. उडी लहान असली तर तार मध्येच तुटली, आणि जितकी लहान तितकी एक्स्चेंजच्या जवळ. मुरलेला माणूस नुसती उडी बघून सांगायचा, "नाक्याच्या अलीकडं बघ रे."

पायांची वाट म्हणजे निम्म्या-निम्म्याची. ठिबकची नळी चोंदली की आपण काय करतो? मध्यावर उघडून बघतो, पाणी येतंय का. येत असेल तर पुढच्या निम्म्यात चोंदलं, येत नसेल तर मागच्या. लाइनमनजवळ चिमटे लावलेला हातातला टेलिफोन असतो. मधल्या खांबावर तो दोन्ही तारांना लावला आणि डायल टोन आला, तर एक्स्चेंजपासून इथवर ठीक, दोष पुढे. मग उरलेल्याचा मध्य. बत्तीस गाळे असतील तर सोळा, आठ, चार, दोन, एक, पाच वेळा चढून जागा सापडते. उगाच बत्तीस खांब चढायची गरज नाही. हे गणित आम्ही मुलांच्या अभ्यासवर्गात चिंचोक्यांवर करून दाखवलं, मुलांना ते पाढ्यांपेक्षा आवडलं.

सगळ्यात अवघड दोष म्हणजे खराब जोड. दोन तारा जोडताना टोकं खरवडून स्वच्छ करायची, शेजारी शेजारी धरून वर बारीक तार घट्ट गुंडाळायची आणि डाख द्यायचा, किंवा एकमेकींभोवती आंटे द्यायचे, ही रीत. घाईत नुसता पीळ दिला, तर काही महिने चालतं, मग ओल शिरते, गंज धरतो. तांबं आणि लोखंड थेट जोडलं तर आणखी लवकर, कारण ओलीत त्या दोन धातूंची आपापसांत वीज तयार होते आणि लोखंड झिजत जातं. असा जोड तपासायला गेलं की ठीक वाटतो. कधी कधी तर घंटी आली की फोन सुधारतो, कारण घंटीची वीज जोराची, ती गंजाच्या पापुद्र्यातून क्षणभर वाट काढते. मग बायकांनी तक्रार केली, की लाइनमन येऊन बघणार, फोन चांगला चालणार, आणि "वहिनी, तुम्हाला नीट धरता येत नाही" असं ऐकवून जाणार. आमच्यापैकी दोघींच्या घरी हे झालेलं आहे. आण्णांना विचारलं, तर ते म्हणाले, "बाई खरखर म्हणाली, तर मी वारं सुटायची वाट बघायचो." सगळे आण्णांसारखे नव्हते.

बायकांच्या कानाची किंमत टेलिफोनवाल्यांना खरं तर फार आधी कळली होती. १ सप्टेंबर १८७८ रोजी अमेरिकेत बोस्टन इथे एमा नट या एक्स्चेंजमधल्या पहिल्या महिला ऑपरेटर झाल्या. त्याआधी पोरं ठेवलेली, ती गिऱ्हाइकांशी उर्मट बोलायची. मग जगभर एक्स्चेंजमध्ये बायका बसल्या. दिवसभर कानाला लाइन लावून बसणाऱ्या या बायकांनाच कुठली लाइन कुरकुरते ते आधी कळायचं.

आमच्यासारख्या गावांत टेलिफोन बऱ्याच उशिरा पोचला. सी-डॉट ही सरकारी संस्था १९८४ मध्ये निघाली आणि तिनं खेड्यासाठी १२८ लाइनींचं छोटं एक्स्चेंज बनवलं, वातानुकूलित खोलीशिवाय धूळ-उष्म्यात चालणारं. पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूर इथे बसलं. १९९४ च्या दूरसंचार धोरणात १९९७ पर्यंत सगळ्या खेड्यांत फोन नेण्याचं ठरलं. कागदावर ठरलं, पण एक्स्चेंज कितीही नवं असलं, तरी शेवटचे चार-पाच किलोमीटर तेच खांब, तीच तार, तेच जोड. आमच्या मते गावचे फोन मेले ते यंत्रामुळं कमी आणि या शेवटच्या तुकड्यावर माणसं पुरेशी न ठेवल्यामुळं जास्त. त्यात तांब्याच्या तारेच्या चोऱ्या. रात्रीत गाळेच्या गाळे कापून न्यायचे.

एक सावधगिरी इथेच सांगतो. जुन्या काळी तारवाले तारेचं टोक जिभेला लावून वीज आहे का बघायचे. कुणी अशी मर्दुमकी सांगितली तरी करून बघू नका. टेलिफोनच्या घंटीचीही वीज ७५ व्होल्टच्या आसपास असते, झटका बसतो. आणि खाली पडलेली तार टेलिफोनची आहे असं दिसलं, तरी ती पुढं कुठं विजेच्या तारेवर पडली असेल ते उभ्या जागेवरून कळत नाही. विजेची लाइन टेलिफोनच्या वरून जाते तिथे मध्ये जाळीसारख्या संरक्षक तारा बांधतात त्या यासाठीच, पण त्या तुटलेल्या असू शकतात. जनावर, पोर, कुणालाही जवळ जाऊ द्यायचं नाही आणि आधी वीज कार्यालयाला कळवायचं.

जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवा बंद झाली. आमच्याकडचे टेलिफोनचे लोखंडी खांब काही गोठ्याला लागले, काही अजून कलून उभे आहेत. चिनी मातीचे कप दोन-तीन घरांत उंबऱ्याशी दार अडवायला ठेवलेले दिसतील. आता ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची काचेची तार येते आहे, बऱ्याच ठिकाणी खांबावरूनच. तीही तुटते. तिचा दोष शोधायचं यंत्र तारेत प्रकाशाचा एक ठिपका सोडतं आणि तो तुटलेल्या टोकाला आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर सांगतं. विहिरीत खडा टाकून खोली जोखतात ना, तसं.

आमच्या ग्रामपंचायतीतलं इंटरनेट मागच्या पावसाळ्यात पंधरा दिवस बंद होतं. गटाच्या बँकेच्या नोंदी अडल्या, दोघींची पेन्शन अडली. "लाइन खराब आहे" एवढंच उत्तर मिळत होतं. या वेळी आम्ही तक्रार अर्जात चार ओळी जास्त लिहिल्या: केव्हापासून बंद आहे, यंत्रावरचा कुठला दिवा लाल आहे, शेजारच्या गावात चालू आहे का, आणि वाटेत कुठं झाड पडलं किंवा रस्त्याचं खोदकाम झालं आहे. ही शेवटची माहिती शेळ्या राखणाऱ्या आमच्या एका सदस्येनं आणली. चौथ्या दिवशी माणूस आला, तो थेट त्या खोदलेल्या मोरीपाशी.